हिराबाईंच्या मागं कोण?

माझ्या नर्सरीत लोक माती मागायला येतात. पोतंभर लाल माती द्या, थोडं शेणखत कालवून द्या, कुंडी भरून द्या, एवढंच. झाडाच्या मुळांची माती काढून कशी टाकायची, हे विचारायला आलेली बाई मला आयुष्यात एकच भेटली. हिराबाई.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दारात एक बुटकी, काळीसावळी, साठीची बाई उभी. नऊवारी लुगडं, पायात प्लॅस्टिकच्या चपला, आणि कडेवर मूल घ्यावं तसा तेलाचा पत्र्याचा डबा घेतलेला. डब्यात अनंताचं झाड, चांगलं मांडीएवढं.

"भाऊ, हेची सगली माती काढायची हाय," ती म्हणाली. "चिमूटभर पन राहता कामा नाय. आनि झाड मरता कामा नाय."

"मग असं करा बाई," मी म्हटलं, "प्लॅस्टिकचं झाड घ्या. पेणच्या बाजारात मिळतं."

माझी जीभ ही अशी. कंपनीत एकतीस वर्षं शिफ्टा केल्या, लग्न जमता जमता राहिलं, मग आईचं करण्यात वर्षं गेली, आणि आई गेल्यावर रोह्याला कुंडलिकेच्या काठी रस्त्यालगत ही नर्सरी टाकली. झाडं उलटून बोलत नाहीत म्हणून टाकली, असं समोरचा चहावाला सगळ्यांना सांगतो. माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, असंही तोच सांगतो, आणि ते फारसं खोटं नाही.

हिराबाईंना राग आला नाही. त्यांनी डबा खाली ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "तुमी हसा. मना अमेरिकेला न्यायचंय त्याला."

मग सगळं बाहेर आलं. त्या पेणजवळच्या जोहे गावच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सोमेश, शिकून अमेरिकेला गेला, तिथंच नोकरी, तिथंच बायको. आता त्यानं घर घेतलं होतं आणि घरामागं अंगण होतं. थंडीत झाडं ठेवायला काचेची खोलीसुद्धा होती. आईला तो म्हणाला होता, आई, आता ये, आणि येताना तुझी झाडं पण आणू. चौकशी करून त्यानं कळवलं होतं, एका माणसाला बारा झाडं नेता येतात. सरकारी माणूस तपासतो, रोग नाही असा कागद देतो. मात्र मुळाला मातीचा कण दिसला तर विमानतळावरच झाड फेकून देतात.

"बारा," हिराबाई म्हणाल्या. "माज्या अंगनात चालीस हायेत. म्हंजे अठ्ठावीस जनांना काय सांगू मी?"

मी गुपचूप डबा उचलून नळाशी नेला. एरवी असं होत नाही.

हिराबाई गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायच्या. हमरापूर, जोहे, तिकडे घरोघरी गणपती होतात हे तुम्हांला ठाऊक असेल. साच्यातून काढणारे, घासणारे, अंग रंगवणारे पुष्कळ. डोळे आखणारे हात थोडे. हिराबाई चाळीस वर्षं आखत होत्या. आखणीचा ब्रश म्हणजे चार केसांचा, पापणीसारखा. त्यांची एक सवय होती. काही नाजूक काम निघालं की त्या आधी पोटभर श्वास घ्यायच्या आणि काम होईपर्यंत सोडायच्या नाहीत. "हात हलला तर देव वाकडा बघतो," म्हणायच्या. "मंग घरात नेऊन वर्सभर लोक बोलतात, गनपती आमच्यावर रुसलाय. रुसला नाय हो. बाईचा हात हलला."

अनंताची मुळं त्यांनी त्याच ब्रशानं धुतली. मी नळाखाली पाण्यात डबा बुडवून ढेकूळ सैल करून दिलं, जाड मुळांची माती बोटांनी काढली, आणि म्हटलं, झालं. त्यांनी मान हलवली. ब्लाउजमधून ब्रश काढला, जमिनीवर बसकण मारली, श्वास घेतला आणि एकेक तंतू साफ करायला लागल्या. दीड तास. मी दोन गिऱ्हाइकं केली, चहा प्यालो, परत येऊन बघतो तर मुळं पांढरी स्वच्छ, शेवयांसारखी. मातीशिवाय त्यांना नारळाच्या भुश्यात ठेवायचं, तिथं नवी मुळं धरली की प्रवासाला झाड तयार, हे मी त्यांना शिकवलं. आमच्या कंपनीत कोणाला इतक्या हलक्या हातानं काम करताना मी पाहिलं नव्हतं. तसं बोललो नाही अर्थात. "भुसा ओला ठेवा, सडवू नका," एवढंच बोललो.

मग दर रविवारी त्या हमरापूरला गाडीत बसून रोह्याला यायला लागल्या. येताना एक झाड घेऊन यायच्या आणि मागच्या रविवारचं बघून जायच्या. सोनटक्का आला, मोगरा आला, कुंद, तगर, कर्दळ, हळदीचा कांदा. गवती चहा आणि लिंबू चालणार नाही असं मुलानं कळवलं, तेव्हा त्या दिवशी हिराबाई जेवल्या नाहीत. तुळस मात्र त्यांनी बारात धरलीच नव्हती.

"तुलस का नाही?" मी विचारलं. मीही तोवर त्यांच्यासारखंच बोलायला लागलो होतो.

"तुलस घर सोडून जात नाय," त्या म्हणाल्या. "तिला शेजारची वनिता पानी घालंल. घरात कोन तरी पायजे ना?"

एका रविवारी त्यांची पिशवी ओली दिसली. मला वाटलं मासळी आणली. विचारलं तर सांगेनात. शेवटी सोबतच्या अबोलीकडे माझं लक्ष गेलं. पानं काळी पडून माना टाकलेल्या. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाईसाहेब पंधरा दिवस पेणच्या मासळीबाजारातून बर्फ आणत होत्या आणि झाडांच्या बुंध्याशी ठेवत होत्या. का, तर तिकडे थंडी असते, झाडांना आत्तापासून सवय व्हावी!

"अहो बाई, ही झाडं आहेत, पापलेटं नव्हेत!" मी ओरडलो. समोरचा चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला, एवढा ओरडलो.

हिराबाई खाली मान घालून अबोलीचं पान चोळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी पन सवय करते भाऊ. घरात बसते ना, तर मुद्दाम कोनाशी बोलत नाय. वनितानं हाक मारली तरी ओ देत नाय. तिकडं सोमेश नि सून सकाली कामाला जानार. दिवसभर घरात मी एकटीच. म्हनून."

मी त्यांना चहा पाजला. दुसरं काही मला येत नव्हतं. अबोलीच्या जागी बारावं म्हणून त्यांनी गुलबक्षीचा कंद निवडला.

आता मी ती गोष्ट सांगतो जी सांगायची टाळत आलो आहे.

व्हिसाची मुलाखत ठरली. मुलगा तिकडचा नागरिक झालेला नव्हता, त्यामुळे आई सहा महिन्यांसाठी भेटायला येते, अशी परवानगी काढायची होती. त्यानं प्रश्नांची यादी माझ्या फोनवर पाठवली, कारण हिराबाईंचा फोन साधा, बटणांचा. मी यादी वाचायची आणि त्यांची तयारी करून घ्यायची, असं ठरलं. मी उलट्या क्रेटवर साहेब होऊन बसलो. हिराबाई समोर कर्दळीची मुळं धूत होत्या.

"का जाताय?"

"पोराला भेटाया."

"किती दिवस राहणार?"

"सहा म्हैने."

"परत कशावरून याल? इकडे काय आहे तुमचं?"

त्या थांबल्या. "घर हाय. पन ते दिराच्या नावावर. जमीन पन."

"मग माणसं सांगा. मागं कोण आहे तुमचं? भाऊबहीण?"

हिराबाईंचं माहेर खारेपाटातलं. आईबाप गेलेले, एक भाऊ होता तोही गेला, भावजय मुलाकडे सुरतेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही. त्या ब्रशानं मुळं साफ करत राहिल्या, आणि वर न बघता म्हणाल्या, "तुमचं नाव सांगू का? रोह्याला भाऊ हाय म्हनून?"

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "छे छे! माझं नाव कशाला सरकारी कागदात? मी कोण तुमचा? उद्या कोणी चौकशीला आलं तर गावात काय सांगू मी?"

गावाची भीती खरी होती. चहावाला आधीच 'आली का तुमची रविवारवाली' म्हणून डोळे मिचकवायचा. साठी उलटलेला एकटा माणूस आणि दर रविवारी गाडीनं येणारी एकटी बाई, रोह्यासारख्या ठिकाणी एवढं पुरतं. पण ते सगळं मी माझ्या समाधानासाठी सांगतो आहे. तुम्ही ऐकून घ्या आणि विसरा. माझं चुकलं.

"बरं," हिराबाई म्हणाल्या. कर्दळ अर्धी धुवून झाली होती. बाकीची त्यांनी श्वास न रोखताच धुतली आणि नेहमीच्या गाडीच्या आधीच्या गाडीनं निघून गेल्या.

मुलाखतीनंतरच्या रविवारी त्या आल्या त्या रिकाम्या हातानं. क्रेटवर बसल्या. मी पाणी दिलं. काय झालं ते त्यांनी जसं सांगितलं तसं लिहितो.

काचेमागं गोरी बाई होती आणि शेजारी मराठी बोलणारी मुलगी. मुलीनं विचारलं, मावशी, कशाला जाताय? यादीतलं उत्तर हिराबाईंना पाठ होतं, पण मुलगी मावशी म्हणाली आणि त्या विरघळल्या. म्हणाल्या, झाडं लावायला. किती दिवस राहणार? रुजेपर्यंत. मग मुलीनं विचारलं, मागं कोण आहे तुमचं?

"मी सांगतलं, कोन नाय," हिराबाई म्हणाल्या. "मंग माज्या ध्यानात आलं, तर बोल्ले, तुलस हाय."

"अहो, पण घर आहे, गाव आहे, एवढं तरी सांगायचं!"

"तिनं घर नाय विचारलं भाऊ. कोन हाय, असं विचारलं."

परवानगी मिळाली नाही. जिचं मागं कोणी नाही ती परत येणार नाही, असं त्यांनी धरलं असणार. धरायला काय, बरोबरच धरलं. मी नळ सोडून उगाच कुंड्यांना पाणी घालत सुटलो. एकदा घातलेल्यांनाच पुन्हा घातलं.

मे महिन्यात सोमेश आला. आईला नेता येत नव्हतं, निदान झाडं तरी नेऊ म्हणाला. झाडांची तपासणी झाली, बाराच्या बारा पास झाली. रोग नाही, कीड नाही, माती नाही. कागदावर शिक्का घेऊन तो माझ्या नर्सरीत आला आणि आम्ही तिघांनी मिळून मुळं ओल्या कागदात गुंडाळली. हिराबाई प्रत्येक गुंडाळी बांधताना श्वास धरत होत्या. शेवटची बांधून झाल्यावर म्हणाल्या, "यांचे कागद झाले. बरं झालं. कोनाचे तरी झाले."

सोमेश तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, आता या कशाला येतील. धुवायला झाड उरलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी हिराबाई हजर. कारण सोमेश माझ्या फोनवर व्हिडिओ लावून झाडं दाखवणार होता. आमच्याकडे सकाळचे दहा म्हणजे तिकडे रात्र. आठवडाभर त्याला वेळ नाही, त्यामुळे हीच वेळ. तो काचेच्या खोलीत दिवा लावायचा आणि फोन फिरवायचा. हा सोनटक्का, आई. हा मोगरा, याला नवं पान आलंय बघ.

हिराबाई अर्धं मिनिट बघायच्या आणि पदर तोंडाला लावून मान फिरवायच्या. "दिवा मालव रे. झाडं झोपलीत. रातचं झाडांना उठवू नये." दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, पान तोडायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्या अर्ध्या मिनिटासाठी बाई हमरापूरहून रोह्याला यायची आणि दुपारच्या गाडीपर्यंत माझ्या क्रेटवर बसून राहायची. मी बोलायचो, खतांचे भाव, पावसाचा अंदाज, काहीबाही. त्या हूं हूं करायच्या. जोह्याला आठवड्याचे सहा दिवस त्या गप्प असतात, हे मला वनिताच्या एका फोनमुळे कळलं. "त्यांचं अंगन बगवत नाय काका," ती म्हणाली. "नुसते खड्डे हायेत."

पहिल्या मुलाखतीला वर्ष होत आलं तेव्हा सोमेशनं पुन्हा अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी जोह्याला गेलो. पहिल्यांदाच. भर सकाळी, गावातून विचारत विचारत, सगळ्यांच्या देखत. कारखान्यांच्या पडव्यांत बिनडोळ्यांचे गणपती रांगेनं वाळत बसले होते. हिराबाईंच्या अंगणात खरंच नुसते खड्डे होते. नेली ती बाराच, पण तुळस सोडून बाकीची सगळी त्यांनी शेजारीपाजारी वाटून टाकली होती. एकालाच ठेवलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, असा त्यांचा हिशेब. मधोमध तुळस.

"या वेळी माझं नाव सांगा," मी दारातूनच म्हटलं. "रोह्याला भाऊ आहे म्हणा. माझा पत्ता द्या. फोन द्या. वाटल्यास मला बोलावू द्या."

हिराबाईंनी तुळशीपुढचा तांब्या खाली ठेवला. "मना खोटं नाय बोलता येत भाऊ. मागच्या वेली बगितलंत ना."

"खोटं काय त्यात? वर्षभराहून जास्त भाऊ भाऊ म्हणताय ते काय?"

"ते तर भाजीवाल्याला पन म्हनते."

मला राग आला, खरं सांगतो. एवढा जीव एकवटून मी आलो आणि ही बाई मला भाजीवाल्याच्या रांगेत बसवते! मी वळलो. तेवढ्यात त्यांनी आतून हाक मारली. "थांबा. बसा तिथं." ओटीवर पाट मांडला होता. आत जाऊन त्या ताट घेऊन आल्या. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी.

"अहो, हे काय? चैत्र चाललाय!"

"मंग? भाऊ काय दिवालीतच होतो?"

वनिता आणि आणखी तीनचार बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मी टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला आणि पाटावर बसलो. हिराबाईंनी श्वास घेतला, रोखला आणि मला कुंकू लावलं. बोट जराही हललं नाही. मग ओवाळलं. ताटात काय घालावं सुचेना. खिशात छाटणीची कात्री होती, तीच घातली. बायका खो खो हसल्या. हिराबाईही हसल्या. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आता खोटं नाय," त्या म्हणाल्या.

आणि मिळाली की परवानगी! मागं कोण आहे, या प्रश्नाला त्यांनी म्हणे इतक्या ठसक्यात उत्तर दिलं, की पुढचा प्रश्नच आला नाही. जूनमध्ये त्या गेल्या. कात्री सामानात घालून नेली.

ते सहा महिने माझे कसे गेले ते विचारू नका. रविवारी सकाळी फोन वाजायचा, हिराबाई स्वेटर घालून काचेच्या खोलीत उभ्या दिसायच्या. बारातली सात झाडं जगली होती. सोनटक्का फुलला होता. दिवा मालवायच्या आधी त्या एवढंच विचारायच्या, "भाऊ, जेवता ना?" मी म्हणायचो, जेवतो. क्रेट रिकामा असायचा. चहावाला एकदा म्हणाला, बसू का जरा? मी म्हटलं, ती जागा राखलेली आहे.

नोव्हेंबरात सोमेशचा वेगळा फोन आला. "मामा, आईला समजवा ना. मुदत वाढवून मिळते. ती ऐकतच नाही. परत जायचं म्हणते. तिकडे कोण आहे तिचं आता? सगळं इथंच आहे."

मी समजवायला हवं होतं. बाई, राहा, पोराजवळ राहा, एवढे चार शब्द होते. त्यानं फोन हिराबाईंकडे दिला तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही बघा. तुम्हांला वाटेल तसं." मला त्या परत यायला हव्या होत्या. ही माझी दुसरी चूक, आणि हिच्याबद्दल मला पहिलीइतकं वाईट वाटत नाही, याचंच वाईट वाटतं.

मुदत संपायच्या आठ दिवस आधी त्या परत आल्या. मी पेणला गाडी करून न्यायला गेलो. थकलेल्या दिसत होत्या, गाल बसले होते.

"कशाला आलात हो?" मी विचारलं. आता विचारायला माझं काय जात होतं!

"म्हंजे? त्या बाईला सांगून गेले ना, भाऊ हाय मागं, परत येनार."

"अहो, ते तसं सांगायचं असतं!"

"सांगायचं असतं म्हंजे?" त्यांना खरंच कळलं नाही. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आनि झाडं रुजली भाऊ. रुजल्या झाडाशी उगाच बसून राहू नये. कात्री तिथंच ठेवली. लागंल त्यानला."

अंगण त्यांनी पुन्हा लावलं नाही. शेजारच्या बायका आपापलं झाड परत द्यायला आल्या, तर त्यांनी घेतलं नाही. "आता तुमच्या मातीची झाली ती. किती वेला उपटायची?" पावसात खड्डे भरले, त्यात बेडूक झाले. सोनटक्क्याचा एक कांदा त्यांनी मुळं धुतानाच माझ्याकडे तोडून ठेवला होता. त्याचं माझ्या कुंपणाशी बेट झालं होतं. त्यातला एखादा तरी न्या, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडंच राहू द्या. मी येते ना रविवारी." येत राहिल्या. बसायच्या. घरी मात्र, वनिता सांगायची, दिवसदिवस दार लोटलेलंच. पोराकडे जायची म्हणून लावून घेतलेली एकटीची सवय अशी इथंच उपयोगी पडली.

श्रावणात त्यांना ताप आला. कारखान्यात कामाची घाई होती, अंगावर काढला. पेणच्या दवाखान्यात दोन दिवस होत्या, मला कोणी कळवलं नाही, रविवार नव्हता. पहाटे वनिताचा फोन आला, "काका, या."

गाडीला वेळ होता. बाजारपेठेत कापडवाल्याच्या घरचं दार ठोठावून मी त्याला उठवलं, दुकान उघडायला लावलं. निळसर, बारीक काठाचं लुगडं घेतलं. त्यानं विचारलं, कोणासाठी? मी सांगितलं, बहिणीसाठी. त्याला माहीत होतं मला बहीण नाही. त्यानं गुपचूप बांधून दिलं.

जोह्याला पोचलो तेव्हा त्यांना अंगणात आणलं होतं, खड्डे चुकवून, तुळशीसमोर. सोमेशला पोचायला दोन दिवस लागणार होते. थांबू नका, असं त्यानं फोनवर रडत सांगितलं होतं. दिराचा मुलगा सगळं करत होता. आंघोळ झाली आणि एक म्हातारी बाई उभी राहिली. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मोठ्यानं विचारलं, "माहेरचं कोन हाय का? माहेरचं लुगडं कोनी आनलंय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हिराबाईंचं माहेर कधीच संपलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारायची रीत म्हणून विचारलं होतं.

"मी आहे," मी म्हटलं.

"तुमी कोन?"

"भाऊ. रोह्याचा."

कुजबुज झाली. मी वर बघितलंच नाही. तेवढ्यात वनिता रडत रडत पुढे आली. "व्हय गो, भाऊ हाय तो. मी बगितलाय ओवालताना." म्हातारीनं हात पुढे केले. मी लुगडं तिच्या हातात दिलं. देताना श्वास रोखला होता हे मला नंतर कळलं.

सोमेश आला, दिवस केले, घराची किल्ली काकाकडे दिली आणि परत गेला. तुळशीला वनिता पाणी घालते.

त्यानंतरच्या रविवारी मी पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होतो. दहा वाजता फोन वाजला. सवयीनं लावला असावा त्यानं. त्याचा चेहरा दिसला, मग नाहीसा झाला, आणि दिव्याच्या उजेडात काचेपलीकडच्या अंधाराला टेकलेला सोनटक्का दिसला. तीन फुलं होती. "मामा, बघा," सोमेश म्हणाला. मी समोरच्या रिकाम्या क्रेटकडे बघत उभा होतो, हातातल्या पाइपचं पाणी पायावर पडत होतं.

"दिवा मालव रे," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना."